गुलाबी कणी

९ एप्रिल १९९४, भडगाव

ही डायरी खताच्या दुकानदाराने माझ्या मुलाला, भिकनला दिली. भिकनने ती त्याच्या मुलीला, पुष्पाला दिली. पुष्पाने मला दिली. कोणालाच नको होती. पहिल्या पानावर युरियाची जाहिरात आहे. मी चौथी पास, पाचवी अर्धी. पण अक्षर वाईट नाही. उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर गेला. आकडे लिहून लिहून हात वळला, शब्द आता शिकतो आहे.

लिहायला कारण म्हणजे कवळी. जळगावहून नवी करून आणली. खाली डाव्या बाजूला टोचते. जेवताना टोचते, बोलताना टोचते, राग आला की जास्त टोचते. नर्मदा म्हणते, "काहो, जळगावले जाईसन दाखाडी या ना एकदा." कसं जावं? डॉक्टर तोंडात बोट घालतो आणि मग प्रश्न विचारतो. शिवाय मला एस.टी. लागते. खिडकीतून उलटी करताना कवळी बाहेर गेली तर? एरंडोलच्या एका माणसाची गेली होती म्हणतात. मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडली.

तशी वस्तू देखणी आहे. हिरड्या छान गुलाबी. घेण्यापूर्वी मी डॉक्टरांना विचारलं होतं, कशाची केली? म्हणाले, अ‍ॅक्रिलिकची. म्हटलं, मग हरकत नाही. प्लॅस्टिकची असती तर मी तोंडात घेतली नसती.

१२ एप्रिल

आज रेडिओवर एका प्राध्यापकाचं भाषण ऐकलं. ते म्हणाले, प्लॅस्टिक कुजत नाही, नुसतं तुटतं. मोठ्याचं लहान, लहानाचं बारीक, बारकाची कणी. ती मातीत जाते, पाण्यात जाते, माणसाच्या पोटात जाते. किती जाते ते सांगता येत नाही. कारण ती मोजायची कशी, हेच अजून ठरलेलं नाही.

मोजायची कशी हे ठरलेलं नाही! एवढी शिकलेली माणसं आणि मोजता येत नाही म्हणतात. मी रेडिओ बंद केला. नर्मदा म्हणाली, "आते भावगीतं लागनार व्हतात." तिला काय सांगणार? भावगीतं ऐकता ऐकता माणूस आतून प्लॅस्टिकचा होत असेल.

दिवसभर पोटावर हात ठेवून बसलो. डावीकडे जरा टणक लागतं.

१४ एप्रिल

झिपरू सुताराकडून बारीक कानस मागून आणली. सकाळी खिडकीशी पाटावर बसून कवळी घासली. तिथे उजेड चांगला येतो. फुंकून, पुसून बसवली. थोडी बरी बसली.

आजपासून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू झाले. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, पुष्पाचं लग्न आहे. धुळ्याचे लोक, चांगले आहेत. नवऱ्या मुलाच्या आजीने, तानुबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "आमले हुंडा नको, भांडा नको. रुखवतमा बिबडा पाहिजेत. पन असा पातय, का आरपार जावईनं तोंड दिसाले पाहिजे!" सगळे हसले. नर्मदा हसली नाही. तिने ते मनावर घेतलं.

बिबडे एकटीने होत नाहीत. ज्वारीच्या पिठाचा घाटा चुलीवर सारखा ढवळावा लागतो आणि तो गरम असतानाच खाटेवर ओल्या हाताने थापून उन्हात वाळवावा लागतो. आमच्याकडे घाटा नर्मदेचा आणि हात शेजारच्या लिलाबाईंचा. तीस वर्षं असंच चाललं आहे. लिलाबाईंसारखा पातळ बिबडा भडगावात कोणी थापत नाही.

इतकी वर्षं जुन्या लुगड्यावर थापायच्या. यंदा त्यांनी जळगावहून प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला. गुलाबी. नर्मदेला म्हणाल्या, "लुगडाले चिकटी जातस अक्का, न्हानला न्हानला भोक पडतस. आपली पुष्पीना लगीनले भोक नको."

मला ते प्लॅस्टिक पाहून रेडिओवरचे प्राध्यापक आठवले. एक ओला बिबडा बशीत घेतला, खिडकीशी पाटावर ठेवला आणि माझं वाचायचं भिंग लावलं.

बशीत गुलाबी कणी होती! एक नाही. इथे एक, तिथे एक, बिबड्यावर दोन.

१५ एप्रिल

घाईने कोणावर आळ घेऊ नये म्हणून आज नीट तपासणी केली. आधी कवळी घासली (उजवीकडेही टोचायला लागली आहे), मग कामाला बसलो.

पहिली तपासणी मिठाच्या पाण्याची. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात घातलं आणि त्यात बिबडा कुस्करला. पोचट बी असंच ओळखतात, वर येतं. वर काय काय आलं? तीळ, लसणाचं साल, एक मुंगी आणि गुलाबी कणी. मुंगी पोहत होती, तिला काढली.

दुसरी तपासणी तापलेल्या सुईची. सुई लावताच कणी आक्रसली. म्हणजे प्लॅस्टिकच. एक गोष्ट मात्र समजली नाही. कणीला पिकल्या फळासारखा वास आला. ताडून पाहावं म्हणून लिलाबाईंच्या कागदाचा एक कोपरा गुपचूप जाळला, तर त्याला मेणबत्तीचा वास आला. मी खूप विचार केला. कागद जळगावचा आहे आणि जळगावकडे केळी फार. कुठेतरी वास धरला असेल.

तिसरी अडचण मोजण्याची. एक कणी नखाने दाबून पाहिली तर तिच्या तीन झाल्या. आता एक लिहू की तीन? प्रदूषण तिप्पट झालं का? मी तर नुसतं नख लावलं. आता प्राध्यापकांची अडचण मला कळली. त्यांचा राग येईनासा झाला.

१७ एप्रिल

मोजता येत नसेल तर तोलावं. तोलण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण कापसाच्या काट्यावर कणी कशी तोलणार? म्हणून पुडी बांधून तोताराम सोनाराकडे गेलो. त्याचा काटा काचेच्या पेटीत असतो, केस टाकला तरी हलतो.

तोतारामने पेटी उघडली. मी पारड्यात कणी ओतली. काटा हलला की नाही ते पाहायला वाकलो आणि मला शिंक आली.

कणी गेली ती त्याच्या पेटत्या शेगडीत. पिकल्या फळाचा वास आला. तोताराम म्हणाला, "आबा, सोनं असतं तर मी राख धुऊन काढून दिलं असतं. हे कशाचं होतं?"

सांगणार नव्हतो. पण शिंकेने ओशाळलो होतो. सांगितलं, आणि वर बजावलं, कोणाला बोलू नको. तो म्हणाला, "आबा, माझ्या पोटात गेलेली गोष्ट शेगडीत गेल्यासारखी."

१८ एप्रिल

शेगडीत गेलेली गोष्ट धूर होऊन सगळ्या गावात गेली. आज सकाळी चुलीवर घाटा रटरटत होता, खाट मांडलेली होती, आणि लिलाबाई हात ओला न करताच दारात उभ्या राहिल्या.

"काहो आबा, मना कागदनं तुमना बिबडास्मा इख पेरं का?"

"विष नाही म्हटलं मी. कणी म्हटलं."

"तोतारामले सांगं. मना तोंडवर सांगाले काय व्हयनं व्हतं?"

नर्मदा चुलीपाशी होती. तिने ढवळायची घाटणी खाली ठेवली. "काय सांगं तुम्ही?" एवढंच म्हणाली.

आता मागे कसं सरावं? मी बशी आणली, भिंग आणलं. लिलाबाईंनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बशीत गुलाबी कणी होतीच. त्यांचा चेहरा उतरला. खाटेवरच्या कागदाची गुंडाळी करायला लागल्या. गुंडाळता गुंडाळता जळका कोपरा हाती आला.

"आनि जाळा बी!" त्या म्हणाल्या. "मी पुष्पीकरता आना व्हता ओ हाऊ. मनी पोर ऱ्हाती ते इतलीच ऱ्हाती."

कागद काखेत मारून गेल्या. घाटा पातेल्यात थिजला. माझं काय चुकलं? मी पुरावा दाखवला. पण दुपारी जेवायला कोणी हाक मारली नाही.

२२ एप्रिल

नर्मदेने एकटीने बिबडे करून पाहिले. ढवळायला गेली तर खाटेवरचा वाळतो, थापायला गेली तर पातेल्यातला करपतो. जे झाले ते भाकरीएवढे जाड आहेत. पुष्पाने एक उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "आबा, यातून जावई काय, सूर्यसुद्धा दिसत नाही."

मी मदत करू का विचारलं. नर्मदा म्हणाली, "तुमनी मदत व्हई गई."

माझ्या वरणात तीन दिवस फोडणी नाही. मागायची हिंमत होत नाही. दुपारी ती भिंतीपाशी जाऊन उभी राहते. पलीकडे लिलाबाईंचं अंगण आहे. दोघींनी तीस वर्षांत त्या भिंतीवरून मीठ, विरजण आणि एकदा कोंबडीसुद्धा दिली-घेतली. आता भिंतीवर नुसतं मांजर बसतं.

२५ एप्रिल

एकट्या बिबड्यावर ठपका नको म्हणून तपासणी वाढवली. गिरणेला सध्या पाणी नावालाच आहे, डबक्यातून तांब्याभर आणलं. हातपंपाचं घेतलं. महादेवाच्या देवळातलं तीर्थही घेतलं, पुजाऱ्याला वाटलं भक्ती वाढली. सकाळी कवळी घासून झाल्यावर त्याच उजेडात तीन बशा मांडल्या, पाणी ओतलं, भिंग लावलं.

गिरणेत गुलाबी कणी. हातपंपात गुलाबी कणी. तीर्थातसुद्धा!

लिलाबाईंनी तो कागद धुतला तरी कुठे कुठे? एका बाईच्या एका कागदाने नदी, जमिनीखालचं पाणी आणि महादेव, तिन्ही नासले?

पुष्पा मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबा, बशा दुसरीकडे मांडून बघा ना. ओट्यावर."

मी म्हटलं, "तपासणीची जागा बदलायची नसते. जिनिंगमध्ये काटा कधी हलवला होता का आम्ही?" हल्लीच्या मुलांना पद्धत म्हणून नाही. तिने पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत आत गेली. लग्न ठरलेल्या मुली कारण नसताना हसतात.

२९ एप्रिल

नर्मदेचा भाऊ वना साक्रीहून आला. मी त्याला कार्ड टाकून तिकडच्या नदीचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं होतं. साक्री कुठे, भडगाव कुठे. तिकडचं पाणी स्वच्छ निघालं की लिलाबाईंवरचा आरोप पक्का.

वना म्हणाला, "दाजी, एस.टी.मधला कंडक्टर बाटली हुंगीसन पाहे. पाणी निंघनं ते नाराज व्हयना."

बशीत ओतलं. गुलाबी कणी!

लिलाबाई साक्रीला कधी गेल्या? नर्मदेला आडून विचारलं. चार शब्द बोलली, हेच खूप. "सत्तर सालमा गयथी. एक लगीनले."

सत्तर साली गुलाबी कागद निघाला होता का?

हे लिहिताना मलाच कसंसं वाटलं. मी काय लिहितो आहे? पण मग कणी आली कुठून? कवळी आज अगदी बरोबर बसली, पण आता जरा हलकी लागते.

२ मे

आज दुपारी नर्मदा तिने केलेला एक जाड बिबडा पदराखाली घेऊन लिलाबाईंकडे गेली. मी भिंतीपाशी उभा राहिलो. चोरून ऐकावं असा हेतू नव्हता, तिथे सावली होती.

"लिला, हाऊ देख. असा कसा व्हयना सांग. मना हात कोठे चुकस?"

"तुमना हात नही चुकस अक्का."

मग नाक ओढल्याचा आवाज. कोणाचा ते कळलं नाही, दोघींचाही असेल.

"आखाजी आठ-दहा रोजवर उनी," नर्मदा म्हणाली. "तानुबाईले मी काय दाखाडू? चल ना व माय."

"मना मनमा येवानं शे अक्का. पन आबास्नी बाजारमा मनं नाव खराब करं. त्यास्ले पहिले धडा शिकाडा. मंग मी येस."

मी घरात आलो. धडा शिकवा म्हणे. मला! माझ्या वयाच्या माणसाला!

३ मे

'धडा' हा शब्द डोक्यातून जात नव्हता. सकाळी दूध पितानाही धडा, अंघोळीलाही धडा. आणि अंगावर तांब्या ओतताना एकदम लख्ख आठवलं.

जिनिंगमध्ये कापूस पारड्यात टाकण्यापूर्वी आम्ही काय करायचो? धडा! रिकामं पोतं एका पारड्यात, दुसऱ्यात दगड, आणि काटा मधोमध आला की मगच माल. पोत्याचं वजन मालात धरलं तर शेतकरी गळा धरेल. उभ्या जन्मात मी धडा केल्याशिवाय एक मण कापूस तोलला नाही. रिकाम्याचं वजन आधी, भरल्याचं नंतर.

आणि या सगळ्या दिवसांत मी रिकामी बशी एकदाही पाहिली नव्हती.

अंग न पुसताच बाहेर आलो. रोजच्यासारखी कवळी घासली, घाईत घासली, बसवली. धुतलेली रिकामी बशी पाटावर ठेवली. बिबडा नाही, गिरणा नाही, साक्री नाही, काहीच नाही. भिंग लावलं.

गुलाबी कणी. बिबड्याच्या बशीत असायची तेवढीच. थोडी जास्तच.

म्हणजे बिबड्याचं वजन शून्य. मी तीन आठवडे पोतं तोललं आणि मालाला शिव्या दिल्या.

कणी कुठून आली ते अजून कळत नाही. हवेतून येत असेल. पण ते जाऊ दे. लिलाबाईंकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

५ मे

काल गेलो नाही. काल मला बरं नव्हतं. खरं म्हणजे बरं होतं.

आज गेलो. रिकामी बशी हातात घेऊन गेलो, पुरावा म्हणून. लिलाबाई ओसरीवर धान्य पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"लिलाबाई," मी म्हटलं, "मी धडा केला नव्हता."

"काय नव्हता करा?"

मी सगळं सांगितलं. पोतं, पारडं, रिकामी बशी. गिरणेचं सांगितलं, तीर्थाचं सांगितलं, साक्रीचंही सांगितलं. सत्तर सालच्या लग्नापर्यंत आलो तेव्हा सूप थांबलं.

"म्हणजे महादेवले बी मीच बाटाडं?"

"तसं लिहिलं होतं. आता खोडतो. तोतारामकडेही जातो. त्याला सांगितलं की गावाला पोहोचतंच. तुमचा कागद निर्दोष आहे. चूक माझी आहे. तुम्ही या. नर्मदा भिंतीशी उभी राहते."

त्या उठल्या. आतून नर्मदेचा तो जाड बिबडा तळून घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवला. "बठ्ठा खा, तुकडा बी सोडू नका. मना हात नसना ते काय व्हस, ते तुमले बी समजू द्या. मंग येस."

मी चावलो. कट् असा आवाज झाला. मला वाटलं बिबडा मोडला. बिबडा अखंड होता. कवळी मोडली होती. घासून घासून कागदासारखी झाली होती, दोन तुकडे हातावर आले.

लिलाबाई घाबरल्या. मग त्यांनी एक तुकडा हातात घेतला. उन्हाकडे धरला. त्यातून आरपार दिसत होतं. मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं.

"आबा, खिसामा काय शे?"

"कानफ," मी म्हटलं. दात नसले की 'स' आणि 'श' येत नाहीत.

"काय करतस तिनं?"

"कवळी घाफतो."

"कोठे बठीसन?"

"खिडकीफी. पाटावर. उजेड अफतो."

त्यांनी कानस माझ्या बशीवर झटकली. गुलाबी भुगा पडला. मी भुग्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पण ही अ‍ॅक्रिलिकची आहे!"

लिलाबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं. डोळ्यांतून पाणी आलं. मग तशाच उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अक्का ओ! घाटा चढाव! आनि पुष्पीले धाड, आबास्ले सांग म्हना अ‍ॅक्रिलिक म्हनजे काय शे ते!"

पुष्पाने सांगितलं, तेही प्लॅस्टिकच. तिला म्हणे गिरणेच्या दिवशीच संशय आला होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले होते. तुम्ही काटा हलवायला तयार नव्हता."

म्हणजे बिबड्यात नव्हतं ते तीन आठवडे माझ्या तोंडात होतं. किती पोटात गेलं असेल? मोजायचं कसं?

७ मे

गच्चीवरून लिहितो आहे. खाली चूल पेटली आहे आणि दोघी एकाच वेळी बोलत आहेत. कोण कोणाला सांगतं आहे ते कळत नाही, पण हसताना माझं नाव येतं. काल माझ्या वरणात फोडणी होती.

बिबडे पुन्हा लुगड्यावर थापले आहेत. मी म्हटलं, कागद निर्दोष आहे, वापरा. तर लिलाबाई म्हणाल्या, "नको आबा. तुम्ही मनं डोकं खराब करी टाकं. आते माले बी त्यामा कणी दिसस." कागद जुना झाला, उन्हाने तडकला की खरंच सोडेल कणी. तो रेडिओवाला काही खोटं बोलला नव्हता. एका बिबड्यावर लुगड्याचा धागा दिसतो आहे. मी काही बोललो नाही.

बिबडे सुंदर झाले आहेत. एक वाळलेला उचलून डोळ्यापुढे धरला, तर शेजारच्या गच्चीवरचं मांजर दिसलं. मांजर दिसतं म्हणजे जावई दिसेल.

मला शिक्षा अशी की बिबडे वाळेपर्यंत मी इथे छत्रीखाली बसून कावळे हाकायचे, आणि भिंग घरात ठेवायचं. नवी कवळी जळगावला होते आहे, भिकन आणणार आहे. तोवर तोंड मोकळं आहे. आणि इथेच घोटाळा झाला. 'हुश्श' म्हणायला दात लागतात. माझ्या तोंडून 'हुफ्फ' येतं आणि ते कावळ्यांना आवडतं. आधी एक होता, आता ओळीने बसले आहेत. त्यांतला एक खाटेच्या पायावर उतरला आहे आणि मान वाकडी करून पुष्पाच्या बिबड्याकडे बघतो आहे. आसपास दगड नाही, काठी खाली राहिली, चप्पल एकच आहे आणि ती आधीच फेकून झाली.

लिहिणं इथेच थांबवतो. डायरी फेकायची आहे.